उजेडाचा चिक्कू

चिक्कू माणसांचा माझा अभ्यास दांडगा आहे. संशोधन संस्थेच्या हिशेब खात्यात हयात घालवलेल्या माणसाचा तो असायलाच हवा. पाठकोऱ्या कागदांवर शोधनिबंधाचे खर्डे करणारे पाहिले, रिक्षाचे सुट्टे दोन रुपये व्हाउचरवर लावणारे पाहिले, आणि परदेशच्या परिषदेतून हॉटेलचे चिमुकले साबण आणून प्रयोगशाळेच्या बेसिनवर मांडणारेही पाहिले. पण हे सगळे पैशाचे चिक्कू. त्यांचं आमचं जमतं, कारण दोघांचं दैवत एक. उजेडाचा चिक्कू मात्र मला उतारवयात भेटला आणि त्याच्यापुढे आमच्या खात्याने हात टेकले.

संस्थेत त्यांना काळ्या पडद्याचे सर म्हणतात. पुण्यातली कुठली संस्था ते विचारू नका. ही जात अशा प्रत्येक संस्थेत एक तरी असते, तळघरात राहते आणि सगळीकडे सारखीच दिसते. डोळे किलकिले, बाहीला काळ्या चिकटपट्टीचा विसरलेला तुकडा, खिशात ॲलन-कींचा जुडगा. भर दुपारी कॅन्टीनला निघाले की जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थबकतात आणि उन्हाकडे अशा नजरेने पाहतात, की एवढा माल असा उघड्यावर कोणी टाकला?

हे सर गर्भांचे आणि मेंदूंचे फोटो काढतात. माशांचे गर्भ आणि उंदरांचे मेंदू. दवाखान्यात सीटी स्कॅन क्ष-किरणांनी होतो, तेच हे उजेडाने करतात. म्हणजे सुरी न लावता वस्तूचे काप पाहायचे आणि ते एकावर एक रचून संगणकात अख्खी वस्तू उभी करायची. माझ्या बजेटात हे सगळं ‘उपकरणे व उपभोग्य वस्तू’ या शीर्षाखाली येतं. कामाचं स्वरूप मला कळलं ते त्यांच्या चिक्कूपणातून, कारण तेवढाच भाग आमच्या विषयातला होता.

त्याचं असं आहे, की जिवंत पेशीला उजेड सोसत नाही. पेशी दिसावी म्हणून तिच्यात एक चमकणारं हिरवं प्रथिन घालतात. ते मुळात एका जेलीफिशचं. त्याच्यापायी २००८ साली शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन या तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सर त्या प्रथिनाकडे बँकेच्या खात्यासारखं पाहतात. एका रेणूच्या खात्यावर फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, मोजकेच, दहा हजार ते लाखाच्या घरात. तेवढे देऊन झाले की रेणू कायमचा विझतो. नवी ठेव नाही, ओव्हरड्राफ्ट नाही. शिवाय उजेडाचा मारा जास्त झाला तर पेशीत विषारी द्रव्यं तयार होतात, गर्भाची वाढ अडखळते, कधी तो दगावतो. गर्भ कसा वाढतो हे पाहायला जावं आणि आपण पाहिलं म्हणूनच तो वाढायचा थांबावा, अशी ही पंचाईत.

कॉन्फोकल नावाचं सूक्ष्मदर्शक आहे. प्रयोगशाळांत ते सर्रास चालतं. ते एक बिंदू पाहण्यासाठी गर्भाला वरपासून खालपर्यंत उजेड पाजतं आणि परत येणाऱ्यातला नको तेवढा बारीक छिद्राशी अडवून टाकून देतं. याला सर ‘उधळपट्टी’ म्हणतात. तो शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा हुबेहूब माझ्यासारखा होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या कॉन्फोकलवाल्या मॅडम आणि सर एकमेकांशी अत्यंत सौजन्याने वागतात. दोन पिढ्यांचं भाऊबंदकीचं वैर असलेली माणसं लग्नाच्या पंगतीत वागतात तसंच.

सरांची रीत वेगळी. लेझरचा झोत दंडगोल भिंगातून नेऊन त्याचा काही मायक्रॉन जाडीचा पत्रा करायचा आणि तो गर्भात बाजूने सरकवायचा. कॅमेरा काटकोनात. ज्या थराचा फोटो, तेवढ्याच थराला उजेड. बाकीचा गर्भ अंधारात निवांत. २००४ साली हायडेलबर्गच्या ईएमबीएल प्रयोगशाळेत यान हुइस्केन, अर्न्स्ट श्टेल्त्सर वगैरे मंडळींनी मेडाका माशाच्या गर्भावर हे करून दाखवलं. २००८ साली तिथल्याच फिलिप केलर यांनी झेब्राफिशचा गर्भ जवळपास दिवसभर टिपला, एकेका पेशीचा माग काढत. तेवढ्यासाठी लागलेला उजेड कॉन्फोकलच्या मानाने हजारो पटींनी कमी होता. सर हा आकडा सांगतात तेव्हा आवाज खाली आणतात, एखाद्याने कोथरूडात जुन्या भावाने फ्लॅट घेतल्याचं सांगावं तसा.

मुळात ही काटकसर शंभर वर्षांहून जुनी. १९०३ साली सीडेनटोप्फ आणि झिगमोंडी या दोघांनी रंगीत काचेत अडकलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाहायला उजेड असाच बाजूने टाकला होता. झिगमोंडींना पुढे नोबेलही मिळालं. मधली शंभर वर्षं ही युक्ती जीवशास्त्राच्या फारशी कामी आली नाही. चिक्कूपणाची किंमत लोकांना उशिरा कळते, हे मी माझ्या खात्याच्या वतीने नमूद करून ठेवतो.

आता सरांची वही. लाल कापडी पाठीची, लांबट, आमच्या जुन्या खतावणीसारखी. गर्भाचा क्रमांक, लेझर किती मिलिवॅट, एका फोटोला किती मिलिसेकंद, थर किती, फेऱ्या किती, आणि शेवटच्या रकान्यात त्या गर्भाने एकंदर किती उजेड खाल्ला त्याची बेरीज. खाडाखोड नाही. चूक झाली तर आडवी रेघ, वर बरोबर आकडा आणि बाजूला सही. माझ्या खात्यात अशी वही लिहिणारा एक माणूस असता तर मी निवृत्तीनंतर सुखाने यात्रेला गेलो असतो.

मार्चअखेरीला आमच्या रात्री संस्थेतच जातात. सरांच्या तर सगळ्याच. तशा एका रात्री मी त्यांना गर्भ बसवताना पाहिलं. झेब्राफिश पहाटेचा पहिला उजेड दिसला की अंडी घालतो. नर आणि मादी यांच्यामधली पट्टी सकाळी काढली की काम होतं. मग अंडी गोळा करतात चहाच्या गाळणीने. हो, स्टेशनरीच्या बिलात दर वर्षी येणाऱ्या त्या गाळण्या याच. साडेअठ्ठावीस अंशांवर ठेवलेला गर्भ दुसऱ्या रात्रीपर्यंत जेमतेम तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा होतो आणि काचेसारखा आरपार असतो. त्याला अॅगरोज नावाच्या कोमट जेलीत सोडायचं. हे अॅगरोज फार गरम असेल तर गर्भ मरतो, फार निवलं तर आधीच घट्ट होतं. तेवढ्या वेळात त्याला काचेच्या केशनळीत ओढून घ्यायचं आणि घट्ट होण्याआधी मान सरळ करायची.

मान सरळ करायचं हत्यार म्हणजे पापणीचा केस. टूथपिकच्या टोकाला डकवलेला. त्याहून मऊ आणि तरी ताठ असं दुसरं काही मिळत नाही म्हणतात. ज्या विद्यार्थ्याच्या पापण्या दाट त्याला सरांकडे पीएचडीला लवकर जागा मिळते, अशी वदंता आहे. मला ती खरी वाटत नाही, पण सरांचे दोन्ही विद्यार्थी दिसायला देखणे आहेत खरे.

“चल बाळा, मान वर. अशी नाही, कुशीवर. हां. आता हलायचं नाही,” सर भिंगातून पाहत पुटपुटत होते. बाळ हललं. अॅगरोज घट्ट झालं होतं. सरांनी एक सुस्कारा टाकून ते बाळ हलकेच सोडवलं, दुसऱ्या बशीत ठेवलं आणि नवं घेतलं. आवाजात राग नाही. हाच माणूस सकाळी माझ्याकडे येऊन, ‘एअर कंडिशनरच्या दुरुस्तीला तीन कोटेशनं कशाला?’ म्हणून टेबलावर हात आपटतो.

शेवटी एक बसलं. नळीतून अॅगरोजचा दंडुका थोडासा बाहेर ढकलला आणि गर्भ पाण्याच्या काचपेटीत उलटा लटकला. मी पुढे वाकलो. एवढी लांबलचक कहाणी ऐकली, तर आता पाहावं तरी.

“काका, बघून झालं असेल तर शटर लावतो.”

“अहो, अजून दिसलंच नाही!”

“ते रात्रभर दिसायचंय कॅमेऱ्याला,” सर म्हणाले. वहीत त्यांनी माझ्या नावे काहीतरी टिपलं.

ज्या टेबलावर हे चालतं ते हवेवर तरंगतं. म्हणजे त्याच्या पायांत दाबलेली हवा असते, जमिनीची थरथर वर येऊ नये म्हणून. ते टेबल घेताना झालेला पत्रव्यवहार माझ्याकडे दोन फायलींत आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या बसला ते टेबल दाद देत नाही. पण पुण्यात गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. जमिनीपासून वाचवायला हवा आहे. पण हवाच ढोल वाजवायला लागली तर? त्या दिवसांत सरांच्या गर्भांना चार-चार कडा दिसतात. एकदा त्यांनी पथकाच्या प्रमुखाला जाऊन विनंती केली. प्रमुख भला माणूस. “कितव्या महिन्यात आहेत वहिनी?” असं त्याने काळजीने विचारलं. सर म्हणाले, “छत्तीस तास झालेत.” पुढचं संभाषण फारसं झालं नाही.

तेव्हापासून सर लांबलचक प्रयोग पितृपक्षात लावतात. पितृपक्षात आमच्याकडे कोणी खरेदीचा कागद काढत नाही, बाहेर वाजंत्री नाही, लग्नं नाहीत, मिरवणुका नाहीत. सरांच्या संग्रहातले सगळे उत्तम गर्भ पितृपक्षातले आहेत. घरी आईला त्यांनी हे अजून सांगितलेलं नाही.

या माशाबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. झेब्राफिश मुळात आपल्याकडचा. गंगेच्या खोऱ्यात, ओढ्यांत, भातखाचरांत फिरणारा. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली तीच गंगेतल्या माशांच्या ग्रंथात. मग तो अमेरिकेत ओरेगॉनला गेला, तिथे जॉर्ज स्ट्रायसिंगर नावाच्या शास्त्रज्ञाने त्याला प्रयोगशाळेचा मासा केला, आणि आता त्याच ओरेगॉनच्या वंशाची जात इथे वापरायची तर आयात परवाना, विलगीकरण, कस्टम्स. शिकायला परदेशी गेलेली मुलं परत येताना महाग होतात हे ठाऊक होतं. मासेही होतात हे या खात्यात कळलं.

पण माशाचं पोर गुणी आहे, हे मान्य करावं लागेल. २०१३ साली अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात मिशा आरेन्स आणि केलर यांनी जिवंत पिल्लाचा जवळजवळ अख्खा मेंदू काम करताना टिपला. सुमारे एक लाख चेतापेशी, त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त एकेक सुटी ओळखू येईल अशी, आणि सगळ्या मेंदूची एक फेरी दर १.३ सेकंदाला. सर ही चित्रफीत मला दाखवायला स्वतः वर आले होते. अंधारात कुठे एक ठिपका उजळतो, कुठे गटच्या गट पेटून विझतात. मी पाहत राहिलो. माझ्या खात्यात चार माणसं आहेत. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला वर्षअखेरीलाही कळत नाही.

उंदराच्या मेंदूचं गणित वेगळं. तो जिवंत नसतो, आरपारही नसतो. अर्ध्या ग्रॅमहून कमी वजन, पण चेतापेशी सात कोटींच्या आसपास, आणि उजेड आत शिरला की भरकटतो. मेंदूत पाणी आहे आणि चरबी आहे; दोघांतून उजेड वेगवेगळ्या प्रमाणात वळतो. दर पावलाला वळता वळता त्याची दिशाच हरवते. भज्यांखालचा वर्तमानपत्राचा कागद आठवा. तेल लागलं की अक्षरं पलीकडून दिसतात, कारण कागदाच्या तंतूंमधली हवा जाऊन तिथे तंतूंशी जुळणारं तेल बसतं. मेंदूचंही तेच करायचं. पाणी काढायचं, चरबी काढायची आणि उरलेल्या सांगाड्याशी जुळेल असं द्रव्य भरायचं. मग उंदराचा मेंदू बाटलीत असूनही बाटली रिकामी दिसते. स्टोअर्सच्या वार्षिक तपासणीत एकदा ‘बाटल्या रिकाम्या, परत घ्याव्यात’ असा शेरा पडला होता. त्यात मेंदू आहेत हे पटवायला सरांना तिरपी बॅटरी धरावी लागली. तेवढी बॅटरी त्यांनी कधीच कोणासाठी जाळली नसेल.

हे शास्त्र लाइपझिगच्या श्पाल्टेहोल्त्स नावाच्या शरीररचनातज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलं. त्याने वापरलेल्या द्रव्यांत विंटरग्रीनचं तेल होतं, म्हणजे सांधेदुखीच्या मलमाचा तोच तो वास. त्यानंतर जो तो आपलं काढू लागला. २०११ साली जपानमध्ये मियावाकींच्या गटाने यूरिया वापरला. २०१३ साली स्टॅनफर्डला कार्ल डायसेरॉथ आणि क्वांगहुन चुंग यांनी मेंदू आधी जेलीत बसवला आणि मग साबणाच्या द्रव्याने त्यातली चरबी धुऊन काढली. त्या पद्धतीचं नाव क्लॅरिटी.

आमच्याकडे आलं ते यूरियाचं मागणीपत्रक. स्टोअर्सने लिहिलं: बागेसाठी खताचं शीर्ष वेगळं आहे, त्यात टाकावं. सरांनी उत्तर दिलं: हा यूरिया मेंदूसाठी आहे. स्टोअर्सने पुन्हा विचारलं: अनुदानित, कडुनिंबाचा लेप दिलेला यूरिया बाजारात स्वस्त आहे, शुद्ध यूरिया एवढ्या चढ्या भावाने घेण्याचं प्रयोजन काय? सरांनी यावर जे उत्तर लिहिलं ते मी फाइलीतून काढून ठेवलं आहे, त्यांच्याच भल्यासाठी.

आता ते एथिल सिनामेट वापरतात. गोडसर दालचिनीचा वास, विषारी नाही, आधीच्या द्रव्यांइतकं भिंगाचा डिंक आणि प्लॅस्टिक खात नाही. एकच खोड. थंडी लागली की ते गोठतं. एका नव्या शिपायाने उन्हाळा आहे म्हणून मायेने बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सगळे मेंदू बर्फीत जमल्यासारखे. सर त्याला ओरडले नाहीत. बाटल्या हातात धरून एकेक ऊब देत बसले.

आणि २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्याच लोकांनी जिलबी-लाडूवाले वापरतात तो पिवळा रंग, टारट्राझीन, जिवंत उंदराच्या कातडीवर चोळला, तर कातडी पारदर्शक होऊन आतले अवयव दिसू लागले. धुतला की पूर्ववत. रंगामुळे कातडीतलं पाणी उजेड चरबीसारखाच वळवू लागतं, एवढीच त्यातली गोम. त्या आठवड्यात कॅन्टीनच्या पिवळ्याधमक ढोकळ्याकडे सर बराच वेळ आदराने पाहत होते.

आरपार झालेली मोठी वस्तू पाहायची दुसरी रीत म्हणजे ती फिरवायची. एडिंबरोच्या जेम्स शार्प यांनी २००२ साली उंदराचा गर्भ असाच भिंगापुढे लटकवला, दर ०.९ अंशाला एक असे ४०० फोटो घेतले आणि सीटी स्कॅनच्याच गणिताने आतलं चित्र उभं केलं. ही रीत सरांच्या हाडीमाशी खिळली आहे. मंडईत वांगं घेताना ते देठाला धरतात, डोळ्यांसमोर लटकवतात आणि हळूहळू पूर्ण फिरवतात. भाजीवाली त्यांना ओळखते. “वांगं घ्यायचंय का जावई बघायचाय?” ती विचारते. सर फेरी पूर्ण करतात. किडकं वांगं त्यांच्या घरी कधी गेलं नाही, हे वहिनी प्रांजळपणे कबूल करतात. भाजी रात्री नऊच्या आत कधी झाली नाही, हेही.

माझा आणि या विद्येचा थेट संबंध आला तो डोळ्यांमुळे. मधुमेह आहे, त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांनी ओसीटी काढायला सांगितलं. हनुवटी टेकवा, हिरव्या खुणेकडे पाहा, पापणी मिटू नका, झालं. कागदावर डोळ्याच्या पडद्याचे थर डोंगररांगेसारखे छापून आले. १९९१ साली एमआयटीच्या फुजिमोतो यांच्या गटाने ही पद्धत मांडली. तीही उजेडाचीच टोमोग्राफी, म्हणजे न कापता पाहिलेले काप. परत येणारा उजेड किती खोलीवरून आला ते पाहायचं, काही मायक्रॉनपर्यंत. मी तो कागद सरांना दाखवला. त्यांचे डोळे प्रथमच पूर्ण उघडलेले पाहिले.

“काका, डोळ्याचा पडदा गर्भात मेंदूतूनच फुटून बाहेर येतो. म्हणजे हा मेंदूच. तुमच्या मेंदूची टोमोग्राफी आहे ही, जिवंतपणी काढलेली!”

हिशेब खात्यात मेंदू असल्याचा तो छापील पुरावा मी काचेखाली ठेवला आहे. संचालक आले की त्यांच्या नजरेला पडेल अशा बेताने.

मध्यंतरी वहिनींना दिवस राहिले. सर त्यांच्याबरोबर सोनोग्राफीला गेले. माणसाच्या गर्भापर्यंत उजेड पोचत नाही म्हणून तिथे आवाजाच्या लहरी वापरतात, याचं त्यांना आधीच वाईट वाटत होतं. आत गेल्यावर त्यांनी रेडिऑलॉजिस्टला विचारलं, रेझोल्यूशन किती आहे? मग म्हणाले, जरा फिरवून या बाजूचा काप दाखवता का? आणखी खाली? पलीकडून? आता सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, की सोनोग्राफी केंद्रात ‘जरा खालचं दाखवा’ म्हणणारा माणूस काय शोधत असतो. डॉक्टरांनी यंत्र थांबवलं आणि एक शब्द न बोलता भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवलं: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. सर बिचारे मेंदूच्या पोकळ्या शोधत होते. वहिनी पुढच्या तपासण्यांना आईबरोबर गेल्या. मुलगी झाली. बारशाला कोणीतरी फ्लॅश मारला तेव्हा सर पाळण्यावर आडवे झाले.

इथवर वाचून कोणाला वाटेल की असा काटकसरी माणूस म्हणजे आमच्या खात्याला वरदानच. त्यांनी माझ्या जागी महिनाभर बसून पाहावं. उजेड वाचवायचा तर खोलीचं तापमान हलता कामा नये, म्हणून दोन एअर कंडिशनर अहोरात्र. टेबलासाठी कॉम्प्रेसर. माशांसाठी हीटर, पंप, गाळण. मिलिवॅटभर लेझरसाठी इमारतीत सगळ्यात मोठं वीजबिल तळघराचं.

आणि डिस्का! सरांचा कॅमेरा एका फोटोला आठेक मेगाबाइट घेतो, सेकंदाला शंभर फोटो काढू शकतो. मी कागदावर गुणाकार केला. तासाला तीन टेराबाइट. पितृपक्ष पंधरा दिवसांचा. फोटॉन मोजून देणारा हा माणूस हार्ड डिस्का मात्र किराण्याच्या पिशव्यांसारख्या मागवतो. एकही पुसत नाही. मी एकदा विचारलं, यातलं तुम्ही पाहिलंय किती? ते गप्प झाले. मग म्हणाले, “सगळं प्रोग्रॅम बघतो. मी मधला एखादा थर बघतो, नीट आलाय ना म्हणून.” म्हणजे माशाला त्रास होऊ नये म्हणून जपून, निगुतीने, रात्र-रात्र जागून काढलेले हे कोट्यवधी फोटो कोणीच डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. माझ्यासारखी माणसं लाखांची व्हाउचरं बांधून ठेवतात, त्याला आता मी नावं ठेवत नाही.

या वर्षी बाहेरचे लेखापरीक्षक आले. तरुण, चुणचुणीत, प्रत्येक यंत्र स्वतः पाहणार म्हणणारे. मी त्यांना तळघरात नेलं. दाराशी सरांनी त्यांचा मोबाइल बंद करायला लावला, चमकणारं घड्याळ काढून घेतलं आणि पडद्याआड उभं केलं. अंधार. परीक्षकांनी सवयीने भिंतीवरचं बटण चाचपलं.

“लाइट नको!” सर असे ओरडले की कॉम्प्रेसरही क्षणभर थांबल्यासारखा वाटला.

मग त्यांनी शटर उघडलं. पडद्यावर दोन दिवसांच्या गर्भाचं हृदय, दोनच कप्प्यांचं, धडधड चाललेलं. रक्तपेशी एकेक करून झडपेशी अडखळत होत्या आणि आत ओढल्या जात होत्या. परीक्षक पुढे सरकले. त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं ते त्यांना कळलं नाही. तेवढ्यात शटर बंद.

“अहो, अजून जरा…” परीक्षक म्हणाले.

“अजून जरा म्हणजे त्याच्या रात्रीच्या वाट्यातलं जाईल,” सर वही पुढे ओढत म्हणाले. “तुमचे चार सेकंद झाले. नाव काय लिहू?”

परीक्षकांनी ती वही मागून घेतली, बाहेर उजेडात बसून पहिल्या पानापासून वाचली आणि दोन बेरजा पडताळल्या. बरोबर आल्या. अहवाल गेल्या आठवड्यात हाती आला. त्यातला एक परिच्छेद तळघराबद्दल आहे: ‘प्रयोगशाळेत प्रकाशाच्या वापराची दैनंदिन नोंदवही अद्ययावत व अचूक आढळली. विजेच्या वापराची नोंदवही आढळली नाही. खुलासा करावा.’

खुलासा सरांनी स्वतःच्या हाताने लिहिला. एकच ओळ: ‘गर्भाने वीज वापरली नाही.’

मी तो तसाच पुढे पाठवला आहे.